केसरचा बाप

शकीलने दाभण अर्ध्या टाक्यात तशीच टोचून ठेवली, बोटांना चिकटलेला कापूस लुंगीला पुसला आणि सकाळपासून लिहून ठेवलेलं वाक्य अंगठ्याने पाठवून दिलं.

'हरबा म्हाताऱ्याने काठी खाली ठेवली. केसरकडे बघून तो म्हणाला, पोरी, घाटात मेला म्हणतात तो तुझा बाप मीच.'

वाक्य गेलं. समोर एका गिऱ्हाइकाची गादी पोट उघडं टाकून पडली होती. थंडीच्या दिवसांत शनिपेठेतल्या त्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. रजया, उशा, तक्के, खोळींचे गठ्ठे. त्या पसाऱ्यात साठीला आलेला एक पिंजारी फोन छातीशी धरून बसला होता, जणू काही चोरून आणलंय.

चोरून आणलं होतंच म्हणा. नाव तरी.

ज्या गावात तो हरबा म्हणून वावरत होता ते चंदनबर्डी कुठल्याही नकाशावर नाही. ते फोनमधल्या एका गटात आहे. खानदेशातले वीस-पंचवीस लोक संध्याकाळी तिथे जमतात आणि प्रत्येक जण आपण घेतलेल्या माणसाच्या तोंडून बोलतो. कोणी पाटलीण, कोणी जागल्या, कोणी कुंभार. एकाने लिहायचं की विहीर आटली, दुसऱ्याने घागर घेऊन नदीवर जायचं. लिहिलं ते घडलं. या साऱ्याला ते लोक गावाची बखर म्हणतात, आणि बखरीत काय बसतं, काय बसत नाही यावरून असे भांडतात की बांधावरून भांडणारे भाऊ बरे.

केसर ही त्या गावातली रंगारीण. तिला लिहिणारी मिसबाह. शकीलची मुलगी.

मिसबाह धुळ्याला, देवपुरात नांदत होती. तिने आपण काय लिहितो ते बघ म्हणून आईला गटात घेतलं. आई, म्हणजे अकबरी, उर्दू शाळेत शिकलेली. मराठी बोलायला फाडफाड, वाचायला मात्र अक्षर अक्षर लावावं लागे. तिने फोन नवऱ्यापुढे धरला.

"मिसबाहके अब्बा, जरा वाचून दाखवा ना."

लग्नापासून ती त्याला याच नावाने हाक मारत आली होती असं नाही, मुलगी झाल्यापासून. आता ते नाव ऐकलं की शकील क्षणभर दुसरीकडे बघे.

मिसबाहच्या निकाहला तो गेला नव्हता. पोर तुझ्याच घरात देईन असा त्याने थोरल्या भावाला शब्द दिलेला, आणि पोरीने धुळ्याचा मुलगा पसंत केला. मुलगा भला, घर भलं, पण शब्द गेला. अकबरी आपल्या भावाबरोबर धुळ्याला गेली. शकीलने त्या दिवशी दुकान उघडं ठेवलं आणि एका गादीत इतका कापूस कोंबला की गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आलं. म्हणालं, चाचा, हिच्यावर झोपता येत नाही, नुसतं घरंगळायला होतं. तेव्हापासून मिसबाहचा फोन आला की शकील पाण्याची मोटर बघायला उठे. राग कधीच विरून गेला होता. उठायची सवय तेवढी राहिली होती, आणि ती रागापेक्षा चिवट निघाली.

वाचून दाखवायला मात्र तो नाही म्हणाला नाही. जेवणं झाली की बसायचं, केसर आज काय करते ते अकबरीला ऐकवायचं. मुलीशी न बोलता मुलीचं बोलणं घरात येत होतं, आणि तेही त्याच्याच तोंडून.

एकदा केसरने आपल्या मेलेल्या बापाची आठवण सांगितली. लहानपणी ती शेवरीच्या कापसाच्या ढिगात खेळता खेळता झोपून जायची. बाप तिला उचलून घरी न्यायचा, पण दारात जाण्याआधी वाटेत कुणाच्या तरी ओट्यावर बसवून केसांतला कापूस वेचून काढायचा, आई रागावू नये म्हणून.

शकील तिथेच थांबला.

"काय झालं?" अकबरीने विचारलं.

"घसा बसला."

"पाणी देऊ?"

"नको. एवढंच आहे आज."

खरं तर बरंच होतं. ते त्याने दुसऱ्या दिवशी अकबरीचा फोन दुकानात नेऊन एकट्याने वाचलं, आणि मग आपल्या फोनमध्ये नवं सिम टाकून गटात नाव घातलं. भडगावचे तोताराम म्हणून एक जुने गिऱ्हाईक होते, रजई भरून न्यायला यायचे; त्यांचं नाव, गाव आणि वय तिन्ही उचललं. पात्र घेतलं ते हरबाचं. तांड्याबरोबर आलेला, धर्मशाळेत राहणारा, लोकांच्या गोधड्या शिवून देणारा म्हातारा. गटात सगळे त्याला नाना म्हणू लागले. मिसबाहसुद्धा. 'नाना, तुम्ही किती छान लिहिता हो,' असं तिने एकदा लिहिलं होतं. ते तेवढं त्याने अकबरीला वाचून दाखवलं नाही.

आणि आज हे वाक्य.

पहिल्यांदा उगवला तो चैत्राम. सातपुड्याच्या पायथ्याचा, यावलच्याही पलीकडचा. चंदनबर्डीची रात्री राखण करणारा जागल्या तो.

'ओ नाना, हाई काय लिखं तुम्ही? तो तं मरी जायेल शे. बठ्ठा गावले माहीत शे. मेलेल माणूस धर्मशाळामा गोधड्या शिवी राह्यना, नि मी जागल्या, माले पत्ता नही. मनी नोकरी गई आते.'

कोणी हसलं, कोणी कपाळाला हात लावल्याची चित्रं टाकली. मग मिसबाह आली. पात्र सोडून स्वतःच्या तोंडाने बोलायचं असलं की आधी 'वेशीबाहेर' असं लिहायची तिथली रीत.

'वेशीबाहेर. नाना, दुसऱ्याच्या पात्राशी न विचारता नातं लावता येत नाही. केसरचा बाप मेलेला आहे. बखरीत आहे.'

त्यात हो नव्हतं, की छान नव्हतं.

ती अशीच होती बखरीच्या बाबतीत. कोणीतरी जास्वंदीपासून निळा रंग काढला म्हणून तिने एकदा अख्खी संध्याकाळ खेळ अडवून धरला होता. कोण कुठून किती वेळात येतं, कुठल्या महिन्यात नदीला किती पाणी, सगळं तिच्या डोक्यात. तिला चुकवून कोणी मुंगीसुद्धा चंदनबर्डीत आणू शकत नसे.

शेवटी रोहिणीताईचं आलं. ती जामनेरची, बियाण्यांच्या दुकानात काम करणारी. गट तिने सुरू केला आणि भांडणं निस्तरायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.

'खेळ थांबवा. उद्या संध्याकाळी चावडी. तोपर्यंत कोणी कुणाला काही बोलायचं नाही.'

घरी त्याने हे सगळं अकबरीला वाचून दाखवलं. सपाट आवाजात, वर्तमानपत्र वाचावं तसं.

"कोण आहे हा तोताराम?" अकबरी लसूण सोलत होती.

"असेल कोणी. भडगावचा आहे म्हणे."

"त्याला काय पडलंय एवढं?"

"म्हातारा माणूस. एकटा असेल."

"एकटा कशाने? बायको नसेल त्याला?"

शकीलने फोन उलटा करून ठेवला. "असेल की. मला काय माहीत."

"नाही, म्हटलं विचारावं," अकबरी म्हणाली आणि सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकू लागली.

दुसऱ्या दिवशी लग्नघरच्या गाद्या द्यायच्यात असं सांगून तो दुकानातच थांबला. शटर अर्धं ओढलं. चावडी भरली.

रोहिणीने आधी नियम सांगितला, दर वेळी सांगायची तसा. इथे लिहिलेलं खोडता येत नाही. कुणाचंच. भांडण मिटवायचं ते काहीतरी जोडून. जोडून मिटत नसेल तर ज्याने आधी लिहिलं त्याचं खरं.

'नाना, आधी तुम्ही बोला. टोमणे नकोत. चैत्राम, तुलाही सांगते.'

'मी पाण्यानी टाकीवर चढेल शे, ताई. रेंज गई म्हंजे आपोआप गप.'

शकीलने रात्रीपासून मनात जुळवून ठेवलं होतं. एकेक शब्द बघून बघून तो लिहीत गेला.

'बखर मी पहिल्यापासून वाचली. बाप घाटात मेला असं केसर सांगते. तांड्यातले लोक येऊन तसं सांगून गेले, तेही आहे. पण मरताना कोणी बघितलं असं कुठे नाही. माती दिली असं नाही. तर मग सांगणाऱ्यांची चूक झाली असेल. घाटात आजारी पडलेल्याला मेला समजून पुढे गेले असतील. मी काही खोडत नाही. जोडतोय.'

रोहिणी बखर चाळायला गेली. परत आली.

'नानांचं बरोबर आहे. माती दिल्याचं कुठेच नाही.'

गटात एकदम हालचाल झाली. बाप परत आला तर काय प्रसंग होईल, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लगेच गावजेवणाचा बेत टाकला. चैत्राम विचारू लागला, 'मंग दवंडी पिटू का?' शकीलने समोरच्या ढिगात हात घातला आणि उगाचच कापूस मोकळा करत राहिला. आपण जिंकतोय हे त्याला कळत होतं. जिंकल्यावर काय लिहायचं तेवढं त्याने ठरवलं नव्हतं.

'मला लग्नाचं बोलायचं आहे,' मिसबाहने लिहिलं. 'केसरच्या लग्नात बापाच्या जागेवर दिवा ठेवला होता. बाप मेलेला असेल तरच दिवा ठेवतात. ही रीत मी लिहिली, पण आता ती सगळ्यांची आहे. चैत्रामने बहिणीच्या लग्नात ठेवला. ताई, तुम्हीही ठेवला. बाप जिवंत असेल तर तो दिवा खोटा ठरतो.'

'तेव्हा गावाला माहीत नव्हतं ना,' रोहिणीने लिहिलं. 'न कळून ठेवला, असं जोडता येईल.'

मिसबाह लिहीत आहे, असं वर दिसू लागलं. मग गेलं. पुन्हा दिसलं. दुकानासमोरून शेंगदाणेवाल्याची गाडी घंटा वाजवत गेली, तरी ते तसंच येत-जात राहिलं.

'जोडता येईल, ताई. पण मग तो जिवंत होता आणि आला नाही, असं होईल. घाट काही सात समुद्रांपलीकडे नाही. मनात असतं तर येता आलं असतं. केसरला रोज ते घेऊन रंगाच्या कढईपाशी बसावं लागेल. मेलेल्या बापाबद्दल तिला चांगलं बोलता येतं. केसांतल्या कापसाचं, सगळंच. तो जिवंत असेल तर मला ते लिहिता येणार नाही. मला तेवढं राहू द्या.'



शकील उठला. अर्धं राहिलेलं शटर त्याने खालपर्यंत ओढलं आणि आतून त्याला टेकून बसला. बाहेर बाजार चालूच होता. पत्र्याला पाठ लावली की सगळ्यांचं बोलणं पाठीत उमटत होतं. त्याने मिसबाहचं लिहिलेलं पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा, मोठ्याने, अकबरीला वाचून दाखवायचा तसं. दुसऱ्या वाक्याच्या पुढे जाता आलं नाही.

मग त्याने लिहिलं.

'हरबाची चूक झाली. नजर अधू, डोकंही तसंच. वाटेत कुठलीही पोर दिसली की त्याला आपलीच वाटते. केसरचा बाप मेलेला आहे. माझं म्हणणं मी मागे घेतो.'

'नाना, तुमच्या बाजूने निकाल गेला असता,' रोहिणीने लिहिलं.

'माहीत आहे.'

'बरं. मग चावडीची रीत तुम्हाला सांगते, तुम्ही नवे आहात. इथून कोणी रिकाम्या हाताने उठत नाही. ज्याचं म्हणणं पडलं त्यानेच ती गोष्ट पक्की करायची. माती दिल्याचं नाही हे तुम्हीच दाखवलंत, तर ते आता तुम्हीच लिहा. हरबा तांड्यात होता, त्याने बघितलं. कुठे माती दिली ते त्याने केसरला सांगावं. चालेल, मिसबाह?'

'चालेल,' मिसबाहने लिहिलं. आणि थोड्या वेळाने, 'नाना, चांगली जागा द्या त्याला.'

आपली कबर कुठे असावी हे माणूस सहसा मागे राहणाऱ्यांवर सोडतो. शकीलने स्वतः, निवांत निवडली. सावली बघितली, उतार बघितला, पावसाचं पाणी कुठून वाहून जाईल ते बघितलं. घाटाच्या माथ्यावर अंजनाचं झाड. त्याखाली हरबाने आणि आणखी दोघांनी माती दिली. दगड रचले, मोठे खाली, लहान वर. तोंड चंदनबर्डीकडे. एवढं लिहून त्याने पाठवलं आणि शटर उघडलं. शेजारचा कपडेवाला म्हणाला, "शकीलभाई, आत काय झोपले होते का?"

"गाद्यांच्या दुकानात आणखी काय करायचं," शकील म्हणाला.

केसरचं उत्तर दुसऱ्या संध्याकाळी आलं.

'केसरने हातांवरचा रंग धुतला. धुऊनही निघेना तेवढा राहू दिला. धर्मशाळेत जाऊन ती हरबाला म्हणाली, बाबा, मला तिथे घेऊन चला.'

आणि ती दोघं निघाली.

पहिल्या दिवशी ती नदीपर्यंत गेली. केसरच्या पायात काटा मोडला, हरबाने तो काढून दिला. दुसऱ्या दिवशी एका मळ्यात थांबून त्यांनी कळण्याची भाकरी खाल्ली. ठेचा केसरने बांधून आणला होता आणि तो तिखट झाला होता, म्हणून ती हरबाची माफी मागत होती. हरबाने डोळे पुसत सांगितलं की असाच लागतो मला. मग वाटेत एक देऊळ लागलं, मग एक पडकी बारव. हरबाने विचारलं, घरचा माणूस कसा आहे तुझा? केसर म्हणाली, बरा आहे. कमी बोलतो. मला आधी वाटायचं रागावलाय. मग कळलं, त्याला सुरुवात करता येत नाही. आपणच सुरुवात करायची.

हे वाचताना शकीलने नुसती मान हलवली, आणि त्या दिवशी पुढचं काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी हरबा आणि केसर वाट चुकली.

अकबरी रोज ऐकत होती.

"अजून पोचले नाहीत?"

"घाट आहे. चढ आहे."

"म्हाताऱ्याच्या पायात जोर दिसत नाही फारसा."

"वय झालंय त्याचं."

"आणि पोरीच्या?" अकबरीने विचारलं. "ती तर तरणी आहे. ती का इतकी हळू चालतेय?"

शकीलने पुढची ओळ वाचली. पुढे एक ओढा होता, आणि ओढ्याला पाणी होतं, त्यामुळे दोघांना वरच्या अंगाने वळसा घ्यावा लागला. पलीकडे एक टेकडी होती. टेकडी उतरली की दुसरी. शकीलला सातपुड्याच्या जेवढ्या टेकड्या आठवत होत्या तेवढ्या त्याने एकापुढे एक मांडल्या. किती लिहिल्या तरी शेवटच्या टेकडीवर ते अंजनाचं झाड होतंच. ते त्यानेच लावलं होतं, आणि लिहिलेलं खोडता येत नाही.

शेवटी एका संध्याकाळी चैत्रामला राहवलं नाही.

'वेशीबाहेर. नाना, रागे भरू नका, पन घाट तं एक मुक्कामवर शे. तांडा सकाळले निंघे नि दिवस बुडाना आत माथावर जाये. बखरमा शे तसं. तुम्ही तं कव्हयना फिरी राह्यनात. तोरणमाळले निंघनात का काय?'

रोहिणीने बखर चाळून बघितली असावी, कारण तिचं यायला वेळ लागला.

'चैत्राम म्हणतो ते खरं आहे. एक मुक्काम. ते मिसबाहनेच लिहिलेलं आहे, फार पूर्वी. तिची हरकत असेल तर नानांना वाट दुरुस्त करावी लागेल. मिसबाह, बोल.'

शकील घरी होता, जेवण होऊन बसलेला. अकबरी समोर. त्याने चैत्रामचं वाचून दाखवलं, रोहिणीचं वाचून दाखवलं, आणि थांबला. वर मिसबाह लिहीत आहे असं दिसत होतं. आता ती म्हणणार, बखरीत आहे. आणि खरंच होतं. उद्या सकाळी निघायचं, दिवस मावळायच्या आत पोचायचं, दगडांपाशी दोन फुलं ठेवायची. मग केसर आपल्या कढईकडे, हरबा आपल्या धर्मशाळेत.

"काय म्हणते?" अकबरीने विचारलं.

"येतंय."

आलं.

'हरकत नाही. घाटात दरड कोसळली आहे. सरळ वाट बंद आहे, फिरून जावं लागतं.'

दरडीचं बखरीत काही नव्हतं. शकीलने बखर पहिल्यापासून वाचली होती, कुठेच नव्हतं. चैत्रामने नुसतं 'बरं बरं' लिहिलं. मग खाली केसर आली.

'केसर दगडावरून उठली. हरबाला हात देत म्हणाली, बाबा, सावकाश चला. मला घाई नाही.'

शकीलने ते वाचून दाखवलं. आवाज ठीक होता. शेवटचे दोन शब्द तेवढे त्याने दोनदा वाचले, पहिल्यांदा नीट वाचले गेले नाहीत म्हणून.

"पुढं?" अकबरीने विचारलं.

"पुढं अजून लिहिलेलं नाही."

"मग लिहा," अकबरी म्हणाली, आणि ताटं उचलून आत गेली.